मुस्तफाचा मॉनिटर आणि एक चुकीचा कंडेन्सर

ईदची नमाज झाली, शिरखुर्मा पोटात गेला आणि हातात ईदी पडली की आम्ही पोरं थेट एसटी स्टँडकडे पळायचो. तिथं मामूंचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. लाकडी पेटीतल्या चार मशिनी, भिंतीला टेकवलेला एक बाक आणि छताला कुरकुरणारा पंखा. एक रुपयाचं नाणं टाकलं की खेळ सुरू. सगळ्यांत मोठी गर्दी 'मुस्तफा'भोवती असायची. या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ मध्ये आणला. त्यात निवडायला चार पात्रं होती आणि त्यातलं एक मुस्तफा कैरो. एवढं लांब इंग्रजी नाव कोण घेणार? साऱ्या गावानं खेळाचंच नाव मुस्तफा करून टाकलं. गल्लीतला संतोष असो की सलीम, दोघंही "मामू, मुस्तफा लावा" असंच म्हणायचे. आज आठवलं की बरं वाटतं.

पार्लर कधीच बंद झालं. तीन मशिनी भंगारात गेल्या. चौथी मामूंनी घराच्या मागच्या खोलीत ताडपत्रीखाली ठेवली होती. काही वर्षांपूर्वी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बेटा, तू ये सब करता है ना? ईद तक चालू कर दे. नवासे को दिखाना है." मी व्यवसायानं मेकॅनिक नाही. पण गेली बारा-तेरा वर्षं जुने रेडिओ, टीव्ही आणि आर्केडचे मॉनिटर दुरुस्त करण्याचा छंद आहे. मी मशीन घेतली, दुरुस्त केली, आणि त्या दुरुस्तीत एक गंभीर चूक केली. ती चूक एका कंडेन्सरच्या निवडीची होती. आजचा लेख त्यावर आहे.

कुणी म्हणेल, एवढ्या क्षुल्लक विषयावर लेख कशाला? वीस रुपयांचा तर पार्ट. पण मला वाटतं, दुसऱ्याची वस्तू दुरुस्तीला हातात घेतली की ती अमानत असते. तिच्या आत आपण काय बसवलं हे मालकाला दिसत नाही. जे दिसत नाही तिथंच आपल्या प्रामाणिकपणाचा कस लागतो.

जुनी ट्यूब जपायची कशासाठी?

पहिला प्रश्न हाच येतो. पिक्चर ट्यूब काढा, एलसीडी लावा, विषय संपला. पण हे खेळ ट्यूबसाठीच काढलेले होते. त्यांची चित्रं साधारण २२४ किंवा २४० ओळींची. ट्यूबवर त्या ओळींच्या मधली काळी फट आणि रंगांची किंचित सांडणी चित्राला गोलाई देते. सपाट पडद्यावर तेच चित्र ठोकळ्यांचं दिसतं. बंदूक रोखून खेळायचे जुने खेळ तर बहुतांशी ट्यूबवरच चालतात. इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर कोणत्या क्षणी कुठं आहे यावरून बंदुकीचा नेम ओळखला जातो, आणि एलसीडीत असा झोतच नसतो.

अमेरिकेत, युरोपात आणि जपानमध्ये म्हणूनच जुने मॉनिटर जपणाऱ्यांची मोठी बिरादरी आहे. अमेरिकेतल्या 'पॅक-मॅन'च्या मशिनींत वेल्स-गार्डनरचे आणि कॅनडाच्या इलेक्ट्रोहोमचे मॉनिटर असत. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये सान्योचा होता. जपानी मशिनींत नानाओचे मॉनिटर नावाजलेले. हीच नानाओ आज आयझो या नावानं ओळखली जाते. आमच्याकडे इतका थाट नव्हता. मी पाहिलेल्या पार्लरमध्ये पेटीच्या आत बहुधा रंगीत टीव्हीचीच ट्यूब आणि तिचंच चेसिस जोडलेलं असे. पण आतली विद्या एकच. सेकंदाला साधारण १५,७०० वेळा झोत डावीकडून उजवीकडे फिरवायचा आणि ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट पुरवायचे.

अशा ट्यूब आता नव्या मिळत नाहीत. आहे ती गेली की गेली. म्हणून तिच्या भोवतीचे पार्ट निवडताना हलगर्जी चालत नाही.

वाळतं ते नेमकं काय?

मॉनिटर म्हातारा होतो तेव्हा सर्वांत आधी थकतात ते इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गुंडाळी, मध्ये द्रवात भिजलेला कागद आणि खाली रबराचं बूच. वर्षानुवर्षं उष्णता लागून आतला द्रव बुचातून हळूहळू उडून जातो. मग कंडेन्सरचा अंतर्गत रोध वाढतो. चित्र वरच्या बाजूला दुमडतं, उंचीला आखडतं, कडा लाटांसारख्या हलतात, रंग फिके पडतात. फुगलेला कंडेन्सर डोळ्यांना दिसतो. पण पुष्कळदा तो वरून ठणठणीत दिसतो आणि साध्या मीटरवर मायक्रोफॅरडही बरोबर दाखवतो. आतला रोध मोजणारा ईएसआर मीटर लावला की खरी तब्येत कळते.

आता नवा कंडेन्सर निवडायचा. बाजारात गेलं की दुकानदार विचारतो, "पंच्याऐंशीवाला की एकशे पाचवाला?" हे तापमान झालं. आपण ऐटीत एकशे पाचवाला मागतो आणि काम फत्ते समजतो. खरी मेख इथंच आहे. त्या तापमानाला तो किती तास टिकेल हा आकडा सहसा डब्यावर छापलेला नसतो. तो कंपनीच्या माहितीपत्रकात, मालिकेच्या नावापुढे असतो.

ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. बंद लाकडी पेटीत कंडेन्सर ६५ अंशांवर तापतोय आणि मशीन रोज बारा तास चालतेय असं धरू. ८५ अंशांचा २,००० तासांचा कंडेन्सर घेतला तर हिशेब ८,००० तासांचा, म्हणजे दोन वर्षांहूनही कमी. १०५ अंशांचा १,००० तासांचा घेतला तर १६,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांच्या थोडं वर. १०५ अंशांचाच, पण २,००० तासांचा घेतला तर ३२,००० तास, म्हणजे सात वर्षं. आणि ५,००० तासांचा घेतला तर ८०,००० तास, म्हणजे अठरा वर्षं. शेवटच्या तिन्हींवर छापलेलं तापमान एकच, १०५. तरी एक साडेतीन वर्षांचा आणि एक अठरा वर्षांचा! तास संपले म्हणजे कंडेन्सर त्याच दिवशी मरतो असं नाही. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर जातो, आणि सेट त्यानंतरही रडतखडत चालत राहतो. पण दोन कंडेन्सरांच्या किमतीतला फरक चहाच्या कपाएवढा असताना हा हिशेब न करणं म्हणजे आळस.

कुठं सूट आहे, कुठं नाही

व्होल्टेजचा नियम सोपा. मूळ आकड्याइतकं किंवा त्याहून जास्त, कमी कधीच नाही. १६० व्होल्टच्या जागी २०० किंवा २५० चालतो, फक्त तो जागेत बसला पाहिजे आणि पाय ओढूनताणून लावायला लागू नयेत.

मायक्रोफॅरडमध्ये इलेक्ट्रोलिटिकला थोडी सूट असते. बहुतेकांची अचूकताच वीस टक्के कमी-अधिक अशी असते. म्हणून जुन्या सेटमधल्या ५० च्या जागी आजचा ४७ आणि ५ च्या जागी ४.७ बिनधास्त लावावा. पण "जास्त तेवढं चांगलं" हा गैरसमज सोडून द्यावा. मुख्य फिल्टरच्या जागी दुप्पट मोठा कंडेन्सर लावला तर सेट सुरू करताना तो एकदम जास्त करंट ओढतो, आणि फ्यूज व डायोडवर ताण येतो. उभ्या स्कॅनच्या सर्किटमध्ये तर कंडेन्सरची किंमत चित्राची उंची आणि प्रमाण ठरवते. तिथं मनमानी केली की मुस्तफा कधी बुटका दिसतो, कधी लांबडा.

कमी ईएसआरचे महाग कंडेन्सर सगळीकडे लावण्याची एक फॅशन आली आहे. त्यांची खरी गरज स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये आणि आडव्या स्कॅनशी जोडलेल्या सप्लायमध्ये असते. तिथं सेकंदाला हजारो वेळा करंट आतबाहेर करतो आणि रोध जास्त असेल तर कंडेन्सर स्वतःच तापतो. माहितीपत्रकात 'रिपल करंट'चा आकडा असतो, तो इथं पाहावा. आवाजाच्या किंवा व्हिडिओच्या साध्या जोडणीत चांगल्या कंपनीचा सर्वसाधारण कंडेन्सर पुरतो.

आणखी एक जागा फसवी असते. काही ठिकाणी अधिक-उणे नसलेला, म्हणजे नॉन-पोलर कंडेन्सर असतो. दुकानात तो चटकन मिळत नाही म्हणून साधा लावणारे मी पाहिले आहेत. तो तापतो आणि फुटतो. बोर्डावर छापलेली अधिक-उण्याची खूणही आंधळेपणानं मानू नये, छपाईत चुका सापडतात. जुना काढण्याआधी फोटो घ्यावा, आणि एक काढला की एक लावावा. सगळे एकदम उपटून नंतर कोडं सोडवत बसू नये.

माझी चूक

इथवर सगळं मला माहीत होतं. मामूंच्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक मी नीट निवडले आणि नीट लावले. चूक झाली ती दुसऱ्याच जातीच्या कंडेन्सरात.

आडव्या स्कॅनच्या मोठ्या ट्रान्झिस्टरजवळ एक फिल्म कंडेन्सर असतो. झोत उजवीकडून डावीकडे झटक्यात परततो तेव्हा ट्रान्झिस्टरवर हजार व्होल्टच्या आसपास लाट उठते. ती लाट किती उंच जाईल हे हा कंडेन्सर ठरवतो. त्याची किंमत कमी झाली की परतीचा वेळ आखडतो, लाट उंचावते, आणि ईएचटीमधून ट्यूबला जाणारं व्होल्टेजही तितकंच चढतं. म्हणून त्याला सेफ्टी कंडेन्सर म्हणतात. काही जुन्या अमेरिकन टीव्हींत त्याला मुद्दाम चार पाय दिलेले असत. एखादी जोडणी तुटली तर व्होल्टेज चढण्याऐवजी सेटच बंद पडावा हा हेतू.

मामूंच्या सेटमधला हा कंडेन्सर तडकून तपकिरी झाला होता. अक्षरं जळालेली, फक्त १६०० व्होल्ट एवढं वाचता येत होतं. मी मीटर लावला. ५.६ नॅनोफॅरड दिसले. मी पिशवीतून ५.६ नॅनोफॅरडचा, १६०० व्होल्टचा, चांगल्या जातीचा नवा कंडेन्सर काढला आणि लावून टाकला. चित्र आलं. झकास आलं! नेहमीपेक्षा जरा उजळ आणि टोकदार. बाजूंनी थोडं आत आलेलं होतं, पण तिकडे मी दुर्लक्ष केलं. चांद रात्र होती, मामू खूश होते, मीही खूश होतो.

ईदच्या दिवशी मामूंचा नातू आणि गल्लीतली सात-आठ पोरं दिवसभर त्या पडद्याला चिकटून बसली. काचेपासून त्यांचे चेहरे जेमतेम फूटभर लांब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागून चटचट आवाज आला, जळका वास आला आणि पडदा काळा झाला. ईएचटी फुटला होता.

त्या चेसिसचा नकाशा मी नंतर शोधून काढला. जे काम पहिल्या दिवशी करायचं ते चौथ्या दिवशी केलं. त्या जागी ८.२ नॅनोफॅरड हवा होता. तडकलेला कंडेन्सर आतून झिजून ५.६ वर आला होता, आणि मी त्या आजारी पार्टलाच साक्षीदार मानून त्याची नक्कल बसवली होती. हिशेब केला तर ती लाट आणि तिच्याबरोबर ट्यूबचं व्होल्टेज साधारण वीस टक्क्यांनी चढलेलं असणार. चित्र उजळ का आलं आणि बाजूंनी का आखडलं, दोन्हींचं उत्तर त्यात होतं. सेट मला सांगत होता. मी ऐकलं नाही.

ईएचटीचं नुकसान पैशात मोजता आलं. पण त्या पोरांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून बरेच दिवस हलले नाहीत. पिक्चर ट्यूबचं व्होल्टेज चढलं की क्ष-किरणांचा प्रश्न येतो. अमेरिकेत १९६८ मध्ये यासाठी कायदा झाला आणि टीव्हीच्या पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटरवर तासाला ०.५ मिलिराँटजेन ही मर्यादा ठरली. ट्यूबच्या काचेत जड मूलद्रव्यं घातलेली असतात ती हे किरण अडवण्यासाठी. एक-दोन दिवसांत पोरांना काही झालं असेल असं मी म्हणत नाही. पण व्होल्टेज मोजायचा हाय व्होल्टेज प्रोब माझ्याकडे नव्हता आणि मी तो कुणाकडून मागूनही आणला नव्हता. चालू झालं म्हणजे बरोबर झालं, असं मी गृहीत धरलं. दुसऱ्यांच्या मुलांच्या जिवावर असं गृहीत धरण्याचा मला काय अधिकार होता?

दोन टोकं आणि माझं मत

या छंदात दोन टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतात, सगळं मूळचंच हवं. ते त्याच काळातले, न वापरलेले जुने कंडेन्सर शोधून लावतात. फिल्म किंवा रोधांच्या बाबतीत हे एकवेळ ठीक आहे. इलेक्ट्रोलिटिकच्या बाबतीत ही शुद्ध भाबडी माया आहे. न वापरता पडून राहिलेल्या कंडेन्सराचाही द्रव सुकतो आणि त्याच्या आतला ऑक्साइडचा थर कमकुवत होतो. तीस वर्षं कपाटात ठेवलेला पार्ट नवा नसतो, तो फक्त वापरलेला नसतो.

दुसरे म्हणतात, किट मागवा आणि डोळे मिटून सगळं बदला. तीस वर्षं जुन्या मॉनिटरचे इलेक्ट्रोलिटिक सरसकट बदलावेत, इथं मी त्यांच्या बाजूनं आहे. चेसिस पुन्हा पुन्हा बाहेर काढण्याचे कष्ट आणि धोका पार्टच्या किमतीपेक्षा मोठा असतो. पण आधी दोष ओळखा, मग बदला. नाहीतर जुना दोष तसाच राहतो आणि आपल्या सोल्डरिंगचे दोन नवे दोष त्यात भर घालतात. आणि फिल्म कंडेन्सर धडधाकट असेल तर त्याला हात लावू नये. लावायचाच तर नकाशातलाच आकडा, तेवढंच किंवा जास्त व्होल्टेज आणि तीच जात हवी. पॉलिप्रॉपिलिनच्या जागी स्वस्त पॉलिस्टर चालत नाही, कारण स्कॅनचा करंट त्याला तापवून मारतो. मेन्सच्या तारांवर बसणारे कंडेन्सरही एक्स किंवा वाय वर्गाचा शिक्का असलेलेच हवेत. इलेक्ट्रोलिटिकमध्ये सूट आहे, इथं नाही.

नकली मालाचंही बोललं पाहिजे. एकदा मला एका दुकानातून नामांकित जपानी ब्रँडचे कंडेन्सर मिळाले. एक कापून पाहिला तर मोठ्या डब्यात छोटा डबा निघाला. तेव्हापासून मी निचिकॉन, रुबीकॉन, पॅनासॉनिक ही नावं वाचून थांबत नाही. वजन पाहतो, बूच पाहतो, मीटर लावतो आणि शक्यतो अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घेतो. दोन हजारच्या दशकात सदोष द्रवामुळे जगभर संगणकांच्या मदरबोर्डांवरचे कंडेन्सर फुगत होते हे अनेकांना आठवत असेल. नवा आहे म्हणजे चांगला आहे, असंही नसतं.

नवख्यांना एक विनंती. हे वाचून लगेच पेटी उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये जीवघेणा चार्ज राहतो, मुख्य फिल्टरमध्येही राहतो. अनेक चेसिस थेट मेन्सला जोडलेली असतात आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्यांना हात लावणं म्हणजे मरणाला निमंत्रण. जाणत्या माणसाशेजारी उभं राहून ट्यूब डिस्चार्ज करायला शिका, मग सुरू करा.

मामूंना मी सगळं खरं सांगितलं. चूक माझी आहे, पोरांना समोर बसवायला नको होतं, हेही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग एवढंच म्हणाले, "नक्शा पहले देखना था ना, बेटा." ईएचटी मी स्वखर्चानं आणला. ८.२ चा कंडेन्सर लावला. एका जुन्या टीव्ही मेकॅनिकला हाय व्होल्टेज प्रोब घेऊन बोलावलं आणि व्होल्टेज नकाशातल्या मर्यादेत आहे याची खात्री करूनच मागची फळी बंद केली. ट्यूब वाचली होती, हे आमचं नशीब.

त्या फळीच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे. कोणता कंडेन्सर कधी बदलला, कोणत्या मालिकेचा, किती व्होल्टचा, आणि मूळ आकडा काय होता, हे सगळं त्यावर आहे. चुकीची नोंदही आहे. तेव्हापासून माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक मॉनिटरमध्ये असा कागद असतो. दुरुस्ती करणाऱ्या सर्वांनी तो लावावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. वीस वर्षांनी ती फळी दुसरंच कुणीतरी उघडेल. छापलेली अक्षरं तोवर पुन्हा जळालेली असतील. त्या माणसानं आजारी पार्टला साक्षीदार करू नये, एवढी सोय आपण करून ठेवू शकतो.

बकरी ईदला मशीन पुन्हा सुरू झाली. चित्र पहिल्यापेक्षा जरा मंद आहे, पण कडेपासून कडेपर्यंत भरलेलं. मामूंचा नातू म्हणाला, "पहले जादा चमकता था." मी म्हणालो, हो, चमकत होतं. आणि त्याचा स्टूल आणखी दोन फूट मागे सरकवला.